फियाटला माईंचा हात

अहो, ऐकलंत का? जरा इकडे गडग्याजवळ या बघू. मोठ्याने बोलायची सोय नाही, नाना पडवीतच बसलेत पेपर घेऊन. त्यांची फियाट आरटीओत पास झाली! काल सकाळी गेले आणि साडेअकराला परत. गाडी फाटकातून आत घेताना तीन वेळा हॉर्न वाजवला. तीन वेळा! मी वरणाला फोडणी देत होते, दचकून हिंगाची डबीच पडली कढल्यात.

आणि मुख्य म्हणजे त्याच रंगावर पास झाली. रोलरने मारलेल्या! भिंतीला फिरवतात तो रोलर हो, तसलाच, फक्त लहान. चार इंची, स्पंजाचा. सगळ्या आळीने नावं ठेवली होती. आमचे हे तर म्हणाले होते, "आता आतून पीओपी करून घ्या म्हणावं, म्हणजे एक खोली वाढली." काल जेवताना मी मुद्दाम म्हटलं, "फियाट पास झाली हो." तर म्हणे, "मीठ वाढ."

गाडी तुम्हाला माहीतच आहे. १९९१ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आपल्याकडे फियाट ती फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातली, आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीची. कोकण रेल्वे आली नव्हती तेव्हा. कशेडीचा घाट उतरवून नाना ती मुंबईहून घेऊन आले, तेव्हा माईंनी आधी गाडीला ओवाळलं आणि मग नानांना. नाना अजून बोलून दाखवतात. माझ्या धाकटीच्या वेळी मला त्याच गाडीतून नेत होते आणि मारुती मंदिराकडे जाताना ती बंद पडली, मग यांनी आणि नानांनी धक्का... जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी.

जीव केवढा आहे त्यांचा त्या गाडीवर! २०२३च्या ३० ऑक्टोबरला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, वीस वर्षं भरली म्हणून, ते टीव्हीवर दाखवत होते ना, त्या रात्री नाना जेवले नाहीत. माईंनी मला दुसऱ्या दिवशी इथेच, या गडग्याशी येऊन विचारलं, "काय गं, गाडीचं सुतक किती दिवसांचं असतं?"

तर काय सांगत होते... रंग. आपली हवा ही अशी. समुद्र हाकेवर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लोखंडाचं काय होणार? दरवाज्यांच्या खालच्या कडा गेलेल्या, मागच्या चाकावरचा पत्रा तर बोटाने दाबला की कुरडईसारखा मोडायचा. आणि या फेब्रुवारीत पासिंग. पंधरा वर्षं झाली की मग दर पाच वर्षांनी असतं ना. फी तरी केवढी केली! पूर्वी सहाशे होती, २०२२मध्ये पाच हजार झाली आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. त्यात गॅरेजवाल्याने डेंटिंग-पेंटिंगचे पंचेचाळीस हजार सांगितले. माई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, आकडा ऐकल्यावर नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "इंजिन नवीन घालणार आहेस का रे?" त्या गॅरेजवाल्याचाही चेहरा पडला म्हणे. त्याला वाटलं होतं, नाना घासाघीस करतील. नाना उठलेच.

तेवढ्यात डिसेंबरच्या सुट्टीत डोंबिवलीचा भाचा आला, आणि त्याच्याबरोबर तो मोबाईल. रात्री जेवणं झाली की दोघं त्यात डोकं घालून बसायचे. तिकडे अमेरिकेत, कॅनडात लोक म्हणे आपल्या अंगणात जुन्या गाड्या रोलरने रंगवतात. पन्नास डॉलरचा रंगच म्हणतात त्याला. साधा ऑइल पेंट, भरपूर पातळ केलेला, एकावर एक हात, आणि मधेमधे पाणी लावून घासायचं. माई म्हणाल्या, "घासायला तिकडे कोण येतं रे, बायका का?" भाचा हसला. तेव्हा हसला हो...

तो मुलगा हुशार आहे मात्र. सांगत होता, पहिल्या मोटारींना ब्रशनेच रंग मारायचे, एकेक गाडी वाळायला आठवडेच्या आठवडे लागायचे. मग १९२३ साली अमेरिकेत ड्यूको नावाचा झटपट वाळणारा रंग गाड्यांवर आला, जनरल मोटर्सने ओकलंड नावाच्या गाडीला निळा मारून दाखवला, आणि तिथून ते फवाऱ्याचं खूळ. आपल्याकडे गॅरेजच्या पाट्यांवर 'ड्यूको पेंट' लिहितात ना, ते तिथलं! मला वाटायचं मालकाचं आडनाव असेल. नानांनी एवढंच धरलं, "म्हणजे मी मूळ पद्धतीवर चाललोय." झालं. मूळ पद्धत म्हटलं की पुढे बोलायची सोय नाही, पंचांग काढतील.

दुसऱ्या दिवशी मामा-भाचे मिरकरवाड्याला. तिथे नानांच्या ओळखीचा एक रंगारी आहे, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ओढून ठेवलेल्या होड्या रंगवतो. आता बघा, आपण जन्मभर बंदरावर जाऊन सुरमईचा भाव करतो, पण त्या एवढाल्या ट्रॉलरच्या कुशी रोलरने रंगवतात हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी आपली समजत होते, रंगारी म्हणजे तो गट्टू, आर. के. लक्ष्मणांनी १९५४ साली काढलेला, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात गळका डबा. तर त्या रंगाऱ्याने नानांना एकच सांगितलं म्हणे, "गंज ठेवून वर रंग माराल तर रंग विकत घेऊ नका, पैसे तसेच बंदरात टाका." तो आधी तारेच्या ब्रशने खरवडतो, मग प्रायमर, मग रंग. आणि वरून म्हणाला, गाडीचं काम होडीपेक्षा वाईट, होडीजवळ तोंड नेऊन कोण बघतं?

आता रंग कोणता! नानांना मिलिटरीचा हिरवा पाहिजे होता. का, तर लहानपणी बघितलेली जीप. डबा आणायला निघालेच होते, तेवढ्यात तो कागदपत्रं करणारा एजंट भेटला. तो म्हणाला, "नाना, त्या हिरव्यासाठी आधी सैन्यात भरती व्हावं लागेल." खरंच कायदा आहे हो तसा. १९८९च्या नियमांत लिहिलंय, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आणि दुसरा कुठला घ्यायचा तर आरसी बुकावर नोंद बदलून घ्या, म्हणजे परत फेऱ्या. बुकात लिहिलंय निळा. म्हणून निळा. नाना दोन दिवस बोलले नाहीत. माईंना बरं वाटलं, म्हणाल्या, निळा माझ्या लग्नातल्या शालूचा रंग.

पत्र्याचं काम मात्र बरं केलं त्यांनी, उगाच नावं कशाला ठेवू. मागच्या चाकावर एका ओळखीच्या वेल्डरकडून पत्र्याचे तुकडे मारून घेतले, खरवडलं, रेड ऑक्साइड मारलं, खळग्यांत लांबी भरली. गाडी चार दिवस अशी लाल-करडी ठिपक्याठिपक्यांची उभी, गोवर आल्यासारखी. जाणारे-येणारे थांबून विचारायचे. नाना सगळ्यांना मूळ पद्धत सांगायचे.

आणि मग पहिला हात. नानांनी रोलर असा दाबला, असा दाबला, की भिंतसुद्धा 'आई गं' म्हणाली असती. त्यात उन्हात उभं राहून. बॉनेटवर नुसते बुडबुडे, तव्यावरच्या घावनासारखी जाळी! भाचा म्हणतोय, "मामा, रंग अजून पातळ करा." टर्पेंटाइन संपलेलं. दुकान दुपारी बंद, आपल्याकडे एक ते चार कोण उघडं ठेवतं? नाना पत्र्याच्या खोलीत गेले आणि कुठल्याशा जुन्या बाटलीतला थिनर घेऊन आले. तो होता ड्यूकोवाल्यांचा. तो फार तिखट असतो म्हणे, अर्धवट वाळलेल्या ऑइल पेंटला खालून उचलतो. यांना काय माहीत? दुसरा हात मारला, दहा मिनिटं गेली नाहीत तोच सगळं बॉनेट सुरकुतलं. दुधावरची साय फुंकर मारल्यावर गोळा होते ना, अगदी तशी. मी इथेच उभी होते, कढीपत्ता काढत होते. खरंच काढत होते! भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी कढीपत्त्याकडे बघितलं. नानांनी रोलर बादलीच्या काठावर ठेवला, हात पुसले, आत गेले आणि पंख्याखाली आडवे झाले. चारचा चहासुद्धा आडव्यानेच घेतला.

भाच्याची सुट्टी संपली, तो गेला. गाडीवर ताडपत्री. चार दिवस. आळीत काय काय बोलणं झालं, ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही होतातच की.

आता खरी गोष्ट. अजून जवळ या.

पाचव्या दिवशी दुपारी माझ्या अळवात निळं पाणी! मी म्हटलं, हे काय? फदफद्याला पानं काढायला गेले होते. बघते तर गडग्याखालून, तांबड्या मातीतून, अशी निळसर दुधाची धार येतेय. मी भांडायच्या तयारीने पदर खोचून वर डोकावले, तर ताडपत्री बाजूला आणि माई पाटावर बसलेल्या. नाकाला जुना पंचा बांधलेला. बादलीत साबणाचं पाणी, आणि हातात तुटक्या स्लिपरचा तुकडा, त्याला गुंडाळलेला पाणीपेपर. मला बघून म्हणाल्या, "करपलेलं पातेलं टाकून देतो का गं आपण?" मी काय बोलणार? अळवाचं विसरलेच. त्या दिवशी पिठलं केलं.

दोन ते चार. नाना घोरतात तेवढ्या वेळात. सुरकुत्या सगळ्या काढल्या, पार प्रायमरपर्यंत. हाताखालचा रंग गुळगुळीत झाला की नाही ते डोळ्यांनी नाही बघायच्या, डोळे मिटून तळवा फिरवायच्या. मग गाडी ढकलून आंब्याखाली सावलीत घेतली. ढकलायला कोण? मी आणि त्यांची कामवाली. कोणाला सांगू नका, माझी कंबर अजून धरलेली आहे. रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ केला, अगदी ताकासारखा. आणि रोलर! अहो, मी बघतच राहिले. दाब म्हणून नाही. रोलरच्या स्वतःच्या वजनाने, आधी आडवा, मग उभा, आणि शेवटी एकाच दिशेने उचलत उचलत. मला म्हणाल्या, "लाटण्यावर जोर देणारीची पोळी फाटते." पहिल्या हाताला तर खालचं सगळं दिसत होतं, मला वाटलं, झालं, फुकट. म्हणाल्या, "थांब. पापड एका उन्हात वाळतो का?" बुडबुडे यायचे, पण मिनिटभरात आपोआप बसायचे.

रोज एकच हात. असे सहा. दर दोन हातांनी घासायचं, आधी सहाशे नंबर, मग आठशे, मग हजार. घासलं की सगळी चमक जायची, गाडी खडूसारखी पांढुरकी दिसायची, माझा जीव खालीवर. त्यांचा नाही.

त्यात जानेवारी, आंब्याला मोहर. वारा आला की वर मोहर, आणि ते मेले तुडतुडे! चिकटायला ओला रंगच बरा सापडतो त्यांना. तर माईंनी काय करावं? लेकीच्या बाळंतपणातली जुनी मच्छरदाणी काढली आणि चार काठ्या रोवून फियाटला लावली. अहो, आत ती गाडी अशी दिसत होती, बाळंतिणीसारखी. तरी एक तुडतुडा राहिलाच. डाव्या दरवाज्याच्या हँडलखाली आहे, कितव्या थराखाली कोण जाणे, आता निघायचा नाही. तुम्हाला दाखवीन नाना नसताना.

आणि तुम्ही विचाराल, नानांना कळलं नाही? मलाही तेच वाटत होतं. रोज चार वाजता उठून यायचे, गाडीभोवती फिरायचे आणि म्हणायचे, "बघितलंत, उन्हाने रंग बसत चाललाय." माई म्हणायच्या, "हो ना." मी तोंडात पदर कोंबायचे. पण एके दिवशी हजार नंबरचा पेपर संपला. माई म्हणाल्या, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी बादलीशेजारी चार नवे कागद, वर वारा लागू नये म्हणून दगड ठेवलेला. मी आणला नाही. कामवालीने आणला नाही. मग कोणी, मांजराने? आणि घोरणं... त्या दिवसापासून मी नीट कान दिला. खिडकीतून घोरणं येतच नव्हतं हो. दोन ते चार, मुळीच नाही. माई ओळखून होत्या, पण त्यांनीही कधी तो विषय काढला नाही. आणि तरी नाना सकाळी फिरायला जातात तिथे थिबा पॉइंटवर काय सांगतात? "मी सहा हात मारले." मी!

तर काय सांगत होते... हां, छत. छत तुम्ही नीट बघितलंत का? खालच्यापेक्षा किंचित फिकं आहे. रंग दोन डबे मिसळून केला होता, गडद आणि आकाशी, आणि छताला पोचेपर्यंत संपला. परत मिसळला तो तंतोतंत कसा जुळणार? आपली आमटीसुद्धा रोज जुळत नाही. छत नानांनी रंगवलं, ते मात्र खरं त्यांनीच. त्यांना म्हटलं तर म्हणतात, "टू-टोन आहे. फॅशन." उन्हात तिरकं बघा, संत्र्याच्या सालीसारखं बारीक खरखरीत दिसेल. घासायचा कंटाळा केला. बाकी सगळी गाडी पंधराशे, दोन हजार नंबरने घासून, कम्पाउंड लावून, माईंच्या जुन्या मऊ लुगड्याने पुसलेली, आणि वर हे छत. मी आपली बोलत नाही.

आणि ते पुण्याचे जावई! ते ऐकाच. गेल्या रविवारी आले, ती एवढी मोठी काळी गाडी घेऊन. डिसेंबरात फोनवर हेच म्हणाले होते ना, "सासरेबुवा, गाडी रंगवताय की कंपाउंडची भिंत?" सगळ्यांना ऐकवलं होतं. तर आले, चप्पल काढायच्या आधी फियाटकडे गेले. हसत हसत गेले हो. बॉनेटवर वाकले. आणि तसेच राहिले. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, मागचा आंबा दिसला, मागे उभ्या माई दिसल्या. बोटाने असं करून बघितलं. मग विचारलं, "किती खर्च आला?" नाना म्हणाले, "रंग, प्रायमर, कागद, वेल्डिंग धरून साडेसहा हजार." जावयांनी स्वतःच्या गाडीकडे बघितलं. तिच्या बंपरला पार्किंगमध्ये ओरखडा गेलाय, त्याचेच बारा हजार सांगितलेत म्हणे पुण्यात. नंतर उकडीचे मोदक होते, नेहमी सात खातात, चारवर थांबले.

आरटीओत काही झालंच नाही हो. दिवे बघितले, ब्रेक बघितले, नंबर ताडून बघितले. साहेबांनी बुकात बघितलं, निळा. गाडीकडे बघितलं, निळी. छताकडे जरा जास्त वेळ बघितलं म्हणे. नाना म्हणाले, "टू-टोन." साहेब म्हणाले, "पुढची." आता २०३१पर्यंत बघायला नको.

हे सगळं तुमच्यामाझ्यात हं. माईंना मी वचन दिलंय. कालच्या हॉर्नचं विचारलं तर त्या म्हणाल्या, एक माझ्यासाठी, एक भाच्यासाठी. तिसरा कोणासाठी ते सांगितलं नाही. मला वाटतं आमच्या ह्यांच्यासाठी.

आणि जे सुरुवातीलाच सांगायचं होतं, तेच राहिलं. म्हणून तर तुम्हाला हाक मारली. आमचे हे काल संध्याकाळी मीठ वाढून झाल्यावर उठले आणि परसात गेले. तिथे ती जुनी एम-एटी आहे, २००५पासून केळीला टेकून उभी. तिच्याभोवती दोनदा फिरले. नखाने रंग खरवडून बघितला. मग मला विचारतात, "माई दुपारी मोकळ्या असतात ना गं?" तर अहो, तुमच्या पडवीत नानांचा तो रोलर आहे ना, परवा फाटकाला म्हणून तुम्ही नेलात, तो मागायला हे आले तर देऊ नका. हरवला म्हणून सांगा.